वय झाले की बळ गेले?

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. मुकादमाच्या हिशेबी नवरा-बायको मिळून एक कोयता; उचलही त्या कोयत्यावर मिळते. ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरणे ही कामे पहाटेपासून चालतात. एका दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. अशी एखादी स्त्री चाळिशीतच सांगू लागते, की सर्वांग ठणकते, हातात जोर राहिला नाही. घरची माणसे ‘वय झालं’ एवढे म्हणून मोकळी होतात.

स्नायूंचे बळ तिशीच्या आसपास सर्वाधिक असते व पुढे हळूहळू उतरते, हे खरे. पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, तेव्हा स्त्रियांमध्ये हा उतार अधिक जाणवतो. तथापि चाळिशीत सत्तरीचे दुबळेपण येणे हा वयाचा धर्म नव्हे.

फायब्रोमायल्जिया नावाचा एक विकार आहे. त्यात तीन महिने वा अधिक काळ अंगभर वेदना राहतात, झोपूनही थकवा जात नाही, विसरभोळेपणा येतो. सांधे सुजत नाहीत, क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही. म्हणून रुग्ण स्त्रीवर ढोंगाचा आरोप होतो. वास्तविक तिची मज्जासंस्था वेदनेचे संदेश वाढवून घेत असते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या विकाराच्या मध्यमवयीन स्त्रियांच्या पायांतील बळ सत्तरीच्या निरोगी स्त्रियांइतकेच आढळले. दुखते म्हणून हालचाल कमी होते व हालचाल कमी झाल्याने स्नायू आणखी दुबळे होतात, असे हे चक्र आहे. फडातल्या बाईला हालचाल कमी करण्याची मुभाच नसते, ती दुखणे अंगावर काढते. कष्ट करणाऱ्या बाईला व्यायाम कशाला, असे विचारले जाते. व्यायामात भार बेताने वाढवतात व मध्ये विश्रांती देतात. फडात यांपैकी एकही गोष्ट नाही.

प्रत्येक अंगदुखी म्हणजे हा विकार, असेही समजू नये. रक्तक्षय, थायरॉइडचा दोष, ड जीवनसत्त्वाची उणीव यांची तपासणी आधी व्हावी. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथवर रुग्णाला पाठवता येते.

या जिल्ह्यात दुखण्याचे मूळ न शोधण्याची फार मोठी किंमत दिली गेली आहे. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, कित्येकींची चाळिशीच्या आत. बीजकोशही काढले असतील तर इस्ट्रोजेन एकदम तुटते. ते ठेवले तरी पाळी जाण्याचा काळ लवकर येऊ शकतो. परिणामी हाडांची व स्नायूंची झीज वेळेपूर्वी सुरू होते. कंबरदुखीचे कारण गर्भाशयात नसेल, तर ते काढून कंबर थांबत नाही. अशा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या, शक्यतो शासकीय डॉक्टरांचे मत घ्यावे, हे गावात स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

बळ मोजण्यास यंत्र लागत नाही. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठावे-बसावे. १२ सेकंद किंवा अधिक लागले तर आशियातील तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषानुसार शक्ती उणावली असे समजतात. शाळेच्या ओट्यावर आशा कार्यकर्तीला हे करता येईल. पुढे हीच ऊठ-बस, भिंतीला हात टेकून रेटणे, दिवसाआड थोडी थोडी वाढवावी. दुखणे बळावले तर संख्या कमी करावी, पण सोडू नये. फायब्रोमायल्जियात गोळ्यांपेक्षाही असा क्रमाने वाढवलेला व्यायाम उपयोगी ठरतो. सोबत डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी तिच्या ताटात पडली पाहिजेत. घरात शेवटी जेवणारीच्या वाट्याला बहुधा नुसती भाकरी उरते.

टोळ्या गावी परततात ते उन्हाळ्याचे दोन-तीन महिने या कामासाठी हाती असतात. पाऊस पडला की त्याच बाया खुरपणीला जातात.