फ्रेझ नावाची मुलगी

फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्यानं बाळाचं नाव कॅलेंडरातलं किंवा प्राचीन इतिहासातलंच ठेवावं लागे. १९९३ मध्ये आईबापांना मोकळीक मिळाली. तरी नोंदणी अधिकाऱ्याला नाव खटकलं, तर प्रकरण न्यायाधीशापर्यंत जातं. उत्तरेकडच्या वालांसिएन शहरात एका मुलीचं 'फ्रेझ', म्हणजे स्ट्रॉबेरी, हे नाव असंच नाकारलं गेलं. जानेवारी २०१५ मध्ये ही बातमी गाजली. कारण काय, तर 'आपली फ्रेझ आणणं' म्हणजे फ्रेंच बोलीत न विचारता मध्ये तोंड घालणं. मुलीची टिंगल होईल! ही भीती खोटी नाही. पण मला हसू आलं. 'मध्ये तोंड घालते' हे आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नाही? आईबापांनी शेवटी 'फ्रेझीन' हे जुनं, दुर्मिळ नाव ठेवलं.