देखरेखीचा खर्च कोणीं सोसावा?



पॅरोल हा शब्द आपल्याकडे बहुधा एकाच अर्थानें कानांवर येतो: घरांत आजारपण आहे, बहिणीचें लग्न आहे, म्हणून कैद्याला मिळालेली थोड्या दिवसांची रजा. अमेरिकेंत त्याचा अर्थ निराळा आहे. तेथें शिक्षेचा कांहीं भाग भोगून झाल्यावर कैद्याला बाहेर सोडतात आणि उरलेली मुदत त्यानें एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं घालवावयाची असते. ठरल्या दिवशीं हजेरी द्यावयाची, परवानगीवांचून राज्याबाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं. अट मोडली तर पुन्हां तुरुंग. प्रोबेशन हें याचेंच भावंड. त्यांत माणसाला तुरुंगांत न घालतां प्रथमपासूनच देखरेखीवर ठेवतात. आज मला बोलावयाचें आहे तें या देखरेखीच्या बिलाविषयीं. कारण अमेरिकेंतील पुष्कळ राज्यांत तें बिल देखरेखीखालील माणसालाच दरमहा भरावें लागतें.

टेक्ससच्या कायद्यांत पॅरोलवरील माणसासाठीं हा आकार महिना १८ डॉलर सांगितला आहे: १० देखरेखीचे आणि ८ कारभाराचे. एवढ्यानें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. पण ते कोणाच्या खिशांतून यावयाचे तें पाहा. नुकत्याच सुटलेल्या माणसाला नोकरी सहजासहजीं कोणी देत नाहीं, खोलीही देत नाहीं. कॅलिफोर्नियांत सुटकेच्या वेळीं हातावर २०० डॉलर ठेवण्याची पद्धत पडली. हा आंकडा १९७३ सालीं ठरला आणि महागाई कितीही चढली तरी तो दशकानुदशकें जागचा हलला नाहीं.

फीच्या बाजूनें बोलणारांचें म्हणणें उडवून लावण्यासारखें नाहीं. गुन्हा त्यानें करावा आणि त्याच्यावर नजर ठेवण्याचा पगार सरळमार्गी करदात्यानें कां भरावा, असा त्यांचा सवाल आहे. आपल्या घरांतील वडीलधारी मंडळीही असेंच विचारतील. ज्याचें नुकसान झालें त्याला गुन्हेगारानें भरपाई द्यावी, हें मला पूर्णपणें मान्य आहे. परंतु फी म्हणजे भरपाई नव्हे. तुटपुंज्या मजुरींतून फी निघाली, कीं ज्याचें घर फोडलें गेलें त्या बिचाऱ्याच्या वाट्याला तेवढेंच कमी उरतें.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. फीमुळें अधिकारी आणि तो माणूस यांच्यामधलें नातेंच पालटतें. प्रोबेशनची सुरुवात बोस्टन शहरांत जॉन ऑगस्टस नांवाच्या एका जोडे शिवणाऱ्या गृहस्थानें केली. १८४१ सालीं तो पोलीस कोर्टांत एका दारुड्याला स्वतः जामीन राहिला, तीन आठवड्यांनीं त्याला शुद्धीवर आणि नीटनेटका असा पुन्हां कोर्टापुढें घेऊन आला, आणि न्यायाधीशानें कोर्टखर्चाखेरीज दंड केला अवघा एक सेंट! पुढें १८५९ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यानें जवळजवळ दोन हजार स्त्रीपुरुषांची अशी जबाबदारी घेतली; त्यापायीं धंदा मागें पडला, पदरमोड झाली. तेथें देखरेख करणारा गांठचे पैसे घालीत होता. आतां तो मागतो. ज्याला जाऊन अडचण सांगावयाची त्याच्याकडेच बाकी तुंबलेली असेल, तर माणूस त्याचें दार टाळूं लागतो. सावकाराचें देणें थकलेला शेतकरी बाजारांतून आडवाटेनें घर गांठीत असे, तशांतला हा प्रकार. फरक एवढाच कीं, तेथें हजेरी चुकविणें हेंच तुरुंगाचें कारण होतें.

न्यायालयानें याला कांहीं बांध घातला आहे. जॉर्जिया राज्यांतील एका तरुणाला प्रोबेशनवर सोडतांना ५०० डॉलर दंड आणि २५० डॉलर भरपाई द्यावयास सांगितली होती. त्यानें आईबापांकडून २०० डॉलर उसने आणून भरले. मग नोकरी गेली. वाचतां न येणाऱ्या त्या तरुणाला दुसरी मिळेना, आणि कोर्टानें त्याची रवानगी तुरुंगांत केली. १९८३ सालीं ‘बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया’ या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, पैसे असून दिले नाहींत कीं नव्हतेच म्हणून दिले नाहींत, याची चौकशी केल्यावांचून असें करतां येणार नाहीं.

चमत्कार असा कीं, त्याच जॉर्जियांत पुढें किरकोळ गुन्ह्यांची देखरेख खासगी कंपन्यांकडे गेली. दंड एकरकमी भरणारा त्याच दिवशीं मोकळा. हप्त्यांनीं भरणाऱ्यावर हप्ते फिटेपर्यंत देखरेख, आणि तिची मासिक फी निराळी. एकाच गुन्ह्यासाठीं श्रीमंतापेक्षां गरीब अधिक मोजूं लागला. २०१५ च्या कायद्यानें अशा नुसत्या वसुलीच्या देखरेखीची फी तीन महिन्यांपुरती मर्यादित केली.

अलीकडे वारें थोडें फिरलें आहे. कॅलिफोर्नियानें १ जुलै २०२१ पासून २३ प्रकारचे आकार रद्द केले. प्रोबेशनची फी त्यांतलीच. त्यामुळें माफ झालेली थकबाकी १६ अब्ज डॉलरच्या घरांत असल्याचा अंदाज होता. एवढी रक्कम सांचेपर्यंत ती भरली गेली नव्हती, यावरूनच ती कोणाकडे मागितली जात होती हें दिसतें. त्याच वर्षीं ओरेगॉननेंही कायदा करून देखरेखीची फी काढून टाकली. इतर पुष्कळ राज्यांत ती चालू आहे. कायद्यानें माफीची सोय ठेवली असली, तरी दारिद्र्याचे कागद गोळा करून अर्ज करण्याचें काम त्या माणसाच्याच शिरावर येतें, आणि निकाल लागेपर्यंत दर महिन्याची बाकी वहींत चढत राहते.