गरोदरपण, लघवीचा जंतुसंसर्ग आणि निष्प्रभ होणारी औषधे

गरोदरपणात संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या,
म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळ्या, सैलावतात,
वाढते गर्भाशय त्यांच्यावर दाब देते,
आणि साचलेल्या लघवीत जंतूंचे फावते.

हे जंतू बहुधा आतड्यातले ई. कोलाय असतात.

पुष्कळदा जळजळ नसते, तापही नसतो;
तरीही उपचाराविना संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो
आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढतो.

म्हणून त्रास नसला, तरी लघवीची तपासणी हवीच.

कल्चर या तपासणीत नमुन्यातले जंतू वाढवून,
त्यांच्यावर कोणते प्रतिजैविक चालते, हे पाहिले जाते.
नमुना देताना लघवीची जागा पाण्याने स्वच्छ करावी,
पहिली धार सोडून द्यावी,
आणि मधली धार निर्जंतुक डबीत धरावी.
अहवालाला दोन-तीन दिवस लागतात.

औषधाला जंतू दाद देईनासे होतात, त्याला प्रतिजैविक-प्रतिरोध म्हणतात.
भारतात ई. कोलायवर नेहमीची कित्येक औषधे चालेनाशी झाली आहेत,
आणि गर्भवतीच्या बाबतीत ही चिंता अधिकच गंभीर आहे,
कारण बाळाच्या दातांना आणि हाडांना अपाय करणारी टेट्रासायक्लिनसारखी औषधे
तिला देताच येत नाहीत.

म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत;
डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, बरे वाटले म्हणून, मध्येच सोडू नयेत.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात
दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते;
त्रास नसला, तरी तेथे लघवीच्या तपासणीबद्दल आवर्जून विचारावे.