हरळीची मुळी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी अटलांटाहून आले म्हणून मला माइक दिलाय आणि "दोन शब्द बोल" असं सांगितलंय. दोन शब्द म्हणजे किती वेळ, हे आपण याच हॉलमध्ये दर पंधरा ऑगस्टला अनुभवलंय. तेव्हा घाबरू नका, लवकर आटपते.

मघाशी मैदानावर नव्या जातीची हिरवळ लावायची योजना जाहीर झाली. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पण वाजवताना माझी एक जुनी चूक आठवली. तीच आज सांगणार आहे.

पाणी देणाऱ्या यंत्रणांसाठी मी सॉफ्टवेअर लिहिते. जमिनीत सेन्सर असतात, ते ओल मोजतात आणि कुठला नळ किती मिनिटं उघडायचा ते प्रोग्रॅम ठरवतो. आमच्या गिऱ्हाइकांमध्ये एक गोल्फ क्लब होता. गोल्फच्या मैदानावर अठरा 'ग्रीन' असतात. ज्या गुळगुळीत तुकड्यावर ते भोक आणि झेंडा असतो, तो ग्रीन. एकेक साधारण पाच गुंठ्यांचा. त्यावरचं गवत तीन मिलिमीटरवर कापतात, रोज.

त्या क्लबात पूर्वी बेंटग्रास होतं. ते थंड हवेचं गवत. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात त्याची मुळं आखडतात. ते जगवायला ग्रीनच्या कडेला मोठाले पंखे लावतात, भर दुपारी हाताने पाणी शिंपडतात. हो, गवताला पंखा! शेवटी क्लबाने ठरवलं की ते काढून बर्म्युडाची नवी बुटकी जात लावायची. दक्षिणेकडे बऱ्याच क्लबांनी तसं केलं होतं. अटलांटा अॅथलेटिक क्लबात २०११ ची पीजीए चॅम्पियनशिप झाली, तीही 'चॅम्पियन' नावाच्या बर्म्युडावरच.

आता हे बर्म्युडा म्हणजे काय? मी शास्त्रीय नाव शोधलं, सायनोडॉन डॅक्टिलॉन, आणि खुर्चीतच हसायला लागले. आपली हरळी! गणपतीला वाहतो ती दूर्वा. आपल्याला विज्ञानाच्या बाईंनी मैदानातून उपटून दाखवली होती, एक खोड जमिनीवरून धावतं, एक जमिनीखालून, आणि प्रत्येक पेराला मूळ फुटतं. नव्या जातीत या हरळीचा आफ्रिकेतल्या एका बारीक पानाच्या बहिणीशी संकर आहे. त्याला बी धरत नाही. त्यामुळे पेरायचं काहीच नसतं. काड्यांचे तुकडे करायचे, पसरायचे, दाबायचे, पाणी द्यायचं.

आमच्या आप्पांनी आयुष्यभर जे केलं त्याच्या नेमकं उलट. तुमच्यापैकी निम्म्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत हरळीच्या काशा वेचल्यात. एक काशी राहिली की पावसाळ्यात पुन्हा सगळं रान हिरवं. म्हणून मी काय काम करते ते आप्पांना मी नीट सांगितलंच नव्हतं. हरळी लावायला लोक पैसे देतात, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

जूनमध्ये काम झालं. जुनं गवत तणनाशकाने मारलं, वरून नव्या काड्या टाकल्या. दोन-अडीच महिने खेळ बंद. ऑगस्टमध्ये सतरा ग्रीन गालिच्यासारखे भरले. एक भरेना. विरळ, पिवळट, मधे मधे उघडी माती.

क्लबाच्या बैठकीत मला विचारलं, काय झालं? मी लॅपटॉप उघडला. सगळ्या ग्रीनना ऊन सारखं, खत सारखं. ओल मात्र त्या ग्रीनवर कधी जास्त, कधी कमी दिसत होती. मी म्हणाले, "इथे हाताने पाणी देण्यात गडबड होतेय." त्या ग्रीनला हाताने पाणी देणारा एकच माणूस होता, मेक्सिकोहून आलेला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. तो भिंतीशी उभा होता. त्याने झाडांकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. त्याचं इंग्रजी तोडकं होतं आणि मला घाई होती. मी आलेख पुढे सरकवला. त्याला त्या कामावरून काढून यंत्रं धुवायला लावलं. आम्ही पाणी वाढवलं. आठवड्याभरात तिथे शेवाळ धरलं.

त्याच दिवसांत आई-आप्पा माझ्याकडे आले होते. एका सकाळी आप्पा म्हणाले, "तुझं काम बघू दे तरी." मग नेलं. त्यांनी वाकून गवताला हात लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू! म्हणाले, "ही हरळ हाय." मी म्हटलं, "हो." थोडा वेळ गप्प बसले. मग मान वर करून पूर्वेकडच्या पाइनच्या रांगेकडे बघितलं. साडेदहा वाजले होते आणि ग्रीनवर अजून सावली होती.

"पोरी, चिंचंखाली हरळ वाढलेली कधी बघितलीस का?"

बस. एवढंच.

या गवताला दिवसाचं निदान सात-आठ तास थेट ऊन लागतं. माझ्या प्रोग्रॅमला वाटत होतं ते मिळतंय, कारण ऊन मोजायचं यंत्र सगळ्या मैदानाला मिळून एकच होतं, आणि ते ऑफिसच्या गच्चीवर बसवलेलं. अठरा जागांचं ऊन मी एका जागेवर मोजत होते. सावलीत पाणी सुकत नव्हतं, म्हणून ओल जास्त. त्या माणसाला ते दिसायचं, म्हणून एखाद्या दिवशी तो पाणी मुद्दाम थांबवायचा, म्हणून ओल कमी. ज्याला मी गडबड म्हटलं होतं ती त्याची अक्कल होती. बोट दाखवून तो हेच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी त्याच्या पाळीच्या वेळी जाऊन उभी राहिले. माफी मागितली. मग ज्या बैठकीत मी त्याच्यावर ठपका ठेवला होता, त्याच लोकांसमोर माझी चूक सांगितली. ते जास्त कठीण होतं. पाइनच्या फांद्या उतरवल्या, दोन झाडं काढावी लागली, उन्हाची यंत्रं कुठे बसवायची ते त्याने ठरवलं. पुढच्या उन्हाळ्यात तो ग्रीन भरला. त्याने मात्र वसंतातच ती नोकरी सोडली होती. भरलेला ग्रीन त्याने पाहिला नाही, हे मला अजून टोचतं.

आणखी एक गोष्ट, आप्पांमुळे कळलेली. या संकरित गवतांच्या कामात ग्लेन बर्टन हे मोठं नाव. जॉर्जियातल्या टिफ्टन गावी त्यांनी १९५६ साली 'टिफग्रीन' दिलं. याच बर्टननी बाजरीची 'टिफ्ट २३ए' ही मादी वाणाची ओळ तयार केली, आणि तिच्यावरून लुधियानात १९६५ साली भारताची पहिली संकरित बाजरी, एचबी-१, निघाली. मी हे सांगितल्यावर आप्पा लगेच म्हणाले, "मग गोसावी पण त्यांचाच का?" सत्तरच्या दशकात त्या संकरित बाजरीवर गोसावी रोग पडला होता, कणसाच्या जागी नुसता पानांचा झुपका. उत्पन्न भरघोस होतं, पण सगळीकडे एकाच आईची लेकरं, एक आजारी पडलं की सगळी. नवी जात वाईट नसते. पण ती लावली की आपली नजर ठेवायची जबाबदारी वाढते, संपत नाही.

तर आता आपल्या मैदानाबद्दल. मी योजनेच्या विरोधात नाही, माझी वर्गणी मी दिली आहे. तीन विनंत्या आहेत. एक, दक्षिणेकडच्या वडाखाली कुठलंही गवत लावू नका, तिथे मुलांना बसायला ओटा बांधा. दोन, मे महिन्यात टँकर येणाऱ्या आपल्या गावात हिरवळीला पाणी कुठून आणायचं, ते आधी कागदावर मांडा. आज मैदानात जी हरळी आहे, ती आपल्या धावण्याला, कबड्डीला आणि दुष्काळाला पुरून उरली आहे. तिलाच थोडं खत, थोडी कापणी दिली तर काय होतं ते एक वर्ष बघू.

आणि तिसरी विनंती. गवताची जात ठरवणाऱ्या समितीत डॉक्टर आहेत, बिल्डर आहेत, माझ्यासारखे इंजिनिअर आहेत. मागे दाराशी शिपाईमामा उभे आहेत. पंचवीस वर्षं त्या मैदानावर पाणी तेच मारतात. मामा, पुढे या. इथे खुर्ची रिकामी आहे. आधी तुम्ही सांगा, मग आम्ही ठरवू.