मापाचा आकडा कोणाच्या वहीत?

(बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

कापूस-सोयाबीनच्या गावात येऊन कारखान्यातील मोजमापाच्या साधनांवर बोलणे काहींना विचित्र वाटेल. पण या परिसरातील किती घरांतील मुलेमुली आज चाकण, रांजणगाव, वाळूज येथील शेडमध्ये उभी आहेत, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. शिवाय मोजमापाचा प्रश्न तुम्हांला नवा नाही. सोयाबीन विकायला नेले की व्यापारी मूठभर दाणे यंत्रात टाकतो आणि आर्द्रतेचा आकडा सांगतो. हमीभावाने खरेदीसाठी ही मर्यादा 12 टक्के असते. 2024 च्या खरीप खरेदीत केंद्र सरकारने ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल केली. म्हणजे दाणा तोच, शेतकरी तोच, आणि त्या दाण्याचा भाव मात्र एका आकड्यावर अवलंबून. तो आकडा कोणाच्या यंत्राने काढला, कोणी वाचला आणि आपल्याला तो पाहता आला की नाही, यावर तुमची वर्षभराची कमाई हलते. कारखान्यातील प्रश्नाचे मूळ हेच आहे.

मायक्रॉनचे जग

आपल्याकडील सुतार ‘सुता’त मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे तीन मिलिमीटर. मोटारीच्या इंजिनात बसणारा दंड किंवा बेअरिंगची कडी मात्र मायक्रॉनमध्ये मोजावी लागते. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. साध्या मायक्रोमीटरच्या स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या फिरत्या भागावर पन्नास रेषा असतात. म्हणून एका रेषेला मिलिमीटरचा शंभरावा भाग कळतो. डिजिटल साधने त्याहून बारीक मोजतात.

पूर्वी इन्स्पेक्शनच्या टेबलावर एकजण माप वाचून सांगे आणि दुसरा ते कागदावर लिही. 24.98 चे 24.89 होई. शिफ्ट संपता संपता राहिलेले रकाने अंदाजाने भरले जात, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. आता व्हर्निअरच्या किंवा मायक्रोमीटरच्या मागे काडेपेटीएवढा बिनतारी प्रक्षेपक बसवतात. माप घेतले, बटण दाबले की आकडा हवेतून संगणकाला जोडलेल्या ग्राहकयंत्रात जातो. कोणत्या साधनाने, कोणत्या तारखेला, किती वाजून किती सेकंदांनी हे माप घेतले, याची नोंद आपोआप होते. माप मर्यादेबाहेर असेल तर तत्काळ इशारा मिळतो. जपानच्या मितुतोयोसारख्या कंपन्या ही यंत्रणा विकतात आणि आपल्याकडील मध्यम शेडमध्येही ती आता दिसू लागली आहे.

या यंत्रणेचे लाभ खोटे नाहीत. लिहिण्यातील चूक टळते. हत्यार झिजू लागले की शंभर जॉब वाया जाण्याआधी ते कळते. तिसरा लाभ कामगाराच्या दृष्टीने मोठा आहे. ‘आकडे जुळवून लिही’ असे वरून दडपण आले, तरी यंत्रातून गेलेला आकडा सहजी बदलता येत नाही. उद्या माल परत आला तर दोष गरीब निरीक्षकाच्या माथी मारणे अवघड होते. म्हणून या यंत्राला विरोध करा, असे सांगायला मी आलेलो नाही.

चार मिनिटांचा हिशेब

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी पदविका घेऊन एका शेडमध्ये कंत्राटी निरीक्षक म्हणून लागली. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. जे तिथे घडले ते इतरत्रही घडू शकते. तिच्या टेबलावर ही बिनतारी यंत्रणा बसली. महिनाअखेरीस सुपरवायझरने तिच्यापुढे एक छापील कागद ठेवला. मापांच्या दोन नोंदींमध्ये कुठे तीन, कुठे चार मिनिटांचे अंतर होते. ‘हा रिकामा वेळ,’ असे सांगून त्या महिन्याचा प्रोत्साहन भत्ता कापण्यात आला.

ती सुट्टीत घरी आली तेव्हा मी तिला विचारले, “त्या चार मिनिटांत तू काय करत होतीस?” ती म्हणाली, “सर, जॉब गरम होता. गार होऊ देत होते.”

मित्रहो, या एका वाक्यात सारे विज्ञान आहे. तापमान वाढले की पोलाद प्रसरण पावते. एक मीटर लांबीचे पोलाद दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉनने वाढते. म्हणूनच लांबीच्या मापासाठी 20 अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान जगभर मानले जाते. पन्नास मिलिमीटर व्यासाचा दंड मशिनवरून वीस अंश अधिक गरम उतरला, तर तो सुमारे साडेअकरा मायक्रॉनने जाड भरतो. सगळी सूट वीस मायक्रॉनची असेल, तर निम्म्याहून अधिक सूट उष्णतेनेच खाल्ली. गरम असताना मर्यादेत वाटलेला दंड गार झाल्यावर मर्यादेखाली जाऊ शकतो. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तर हा प्रश्न अधिकच तीव्र होतो.

म्हणजे ती मुलगी थांबली होती ती आळसाने नव्हे. तिचे थांबणे हाच तिच्या कामाचा सर्वांत कौशल्याचा भाग होता. यंत्राने ‘केव्हा’ आणि ‘किती’ हे टिपले. ‘का’ हे टिपण्याची सोय त्यात कोणी ठेवली नव्हती.

मी विचारले, “मग आता काय करतेस?” ती म्हणाली, “आता थांबत नाही, सर.”

आकडा वेळेवर जातो आणि माप चुकते. कामगाराचा भत्ता गेला, मालकाचा माल बिघडला आणि कागदावर मात्र कार्यक्षमता वाढली. अर्थशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले; हिशेबाने केलेली अशी उधळपट्टी मी फार वेळा पाहिली आहे.

शास्त्र काय सांगते?

ज्या शास्त्राच्या नावाने हे आकडे गोळा केले जातात ते शास्त्र कामगाराच्या विरोधात नाही. 1924 साली अमेरिकेत वॉल्टर शुहार्ट यांनी नियंत्रण-आलेख मांडला. त्याचे सूत्र असे की, कोणत्याही उत्पादनात मापे थोडीफार हलणारच. काही हालचाल यदृच्छेने होते, ती त्या व्यवस्थेतच असते. काहींमागे शोधून काढता येईल असे विशिष्ट कारण असते. आलेखाचे काम या दोहोंत भेद करणे. यदृच्छेने हललेल्या मापाबद्दल माणसाला जाब विचारणे म्हणजे नाण्याचा काटा पडला म्हणून नाणे फेकणाऱ्याला दंड करणे होय. स्वातंत्र्यानंतर लगेच, 1947-48 मध्ये, प्रा. महालनोबिस यांच्या पुढाकाराने हेच शुहार्ट भारतात आले होते. 1950 पासून जपानला हे शास्त्र शिकवणारे डेमिंग तर आयुष्यभर बजावत राहिले की, बहुतेक दोष व्यवस्थेचे असतात आणि व्यवस्था बदलणे व्यवस्थापनाच्या हाती असते; कामाच्या ठिकाणची भीती हटवल्याशिवाय गुणवत्ता येत नाही. भ्यालेला माणूस खरा आकडा देत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

दुसरी परंपरा टेलरची, हाती स्टॉपवॉच घेऊन कामगारामागे उभी राहणारी. 1911 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातील साचेकामगारांनी त्या घड्याळाविरुद्ध काम बंद केले. प्रकरण थेट अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेले आणि सरकारी शस्त्रागारांत अशा वेळमोजणीवर पैसा खर्च करण्यास मनाई झाली. ती 1949 पर्यंत टिकली. आज एकाच काडेपेटीएवढ्या यंत्रात शुहार्टचा आलेख आणि टेलरचे घड्याळ असे दोन्ही बसले आहेत. कोणते वापरायचे हे यंत्र ठरवत नाही. ज्याच्या हाती नोंद आहे तो ठरवतो.

कामगार मोजमापाला भितो, हा समज तर इतिहासाला धरून नाही. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांनी सह्या करून मागण्या मांडल्या. आठवड्याची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाची ठरलेली वेळ, ठरावीक तारखेच्या आत पगार. वेळ मोजा, अशी मागणी कामगारांनीच केली होती! त्यांचा आग्रह एवढाच की माप दोन्ही बाजूंना लागू व्हावे.

छोटा मालक आणि कायदा

येथे छोट्या कारखानदाराचीही बाजू पाहिली पाहिजे. मोठी कंपनी त्याच्याकडे मालाबरोबर मापांची नोंदही मागते. यंत्रणा घ्यायची त्याने, वाया जाणारा माल कमी झाल्याचा फायदा मात्र पुढच्या कराराच्या वेळी भाव पाडून मोठी कंपनी नेते. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे फार तर 45 दिवसांत दिले पाहिजेत. ते किती ठिकाणी मिळतात हे शेडवाल्यांना विचारा. दंडातील पाच मायक्रॉनची चूक पाच सेकंदांत कळवणारी व्यवस्था पाच महिने थकलेल्या बिलाबद्दल मुकी असते. मग हा दबलेला मालक आपला ताण खाली, त्या निरीक्षकाच्या टेबलावर उतरवतो.

कायद्याचा आधार किती? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 9-क होते. सेवाशर्तींतील विशिष्ट बदल करण्यापूर्वी 21 दिवसांची नोटीस देणे मालकावर बंधनकारक होते. शिस्तीचे नवे नियम आणि कपात होऊ शकेल अशी तांत्रिक सुधारणा, दोन्ही त्या यादीत होत्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. नोटिशीची तरतूद तिच्यातही आहे. मात्र स्थायी आदेशांसाठी केंद्रीय कायद्यातील कामगारसंख्येची अट 100 वरून 300 वर गेली, म्हणजे आपली मुले ज्या लहान-मध्यम शेडमध्ये आहेत त्यांतील बहुसंख्य तिच्याबाहेर राहिल्या. वेतन संहितेनुसार दंड वेतनाच्या तीन टक्क्यांहून अधिक करता येत नाही आणि त्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकावे लागते. म्हणून ‘दंड’ हा शब्दच टाळला जातो. ‘प्रोत्साहन’ दिले नाही, एवढेच म्हणतात. मूळ पगार लहान आणि भत्ता मोठा ठेवला की दंडाचे काम भत्ता करतो. 2023 चा व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे; पण नोकरीच्या प्रयोजनासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा त्यानेच मालकाला दिली आहे.

आपण काय मागावे?

पहिली मागणी, यंत्रणा बसवण्यापूर्वी नोटीस आणि चर्चा. कोणता आकडा कशासाठी वापरणार, हे लेखी ठरले पाहिजे. दुसरी, गुणवत्तेसाठी घेतलेली नोंद गुणवत्तेसाठीच वापरावी. तिच्या आधाराने कोणाचा भत्ता कापू नये की कंत्राट तोडू नये. तिसरी, जॉब गार होऊ देणे, साधन शून्यावर आणणे, शंका आल्यास पुन्हा मोजणे हा कामाचाच वेळ मानावा आणि नोंदीत तसा रकाना ठेवावा. चौथी, ज्याच्या हाताने आकडा निघाला त्याला त्याची प्रत मिळावी. कंत्राटी कामगाराला आणि शिकाऊ मुलालाही, कारण 1961 च्या कायद्याप्रमाणे शिकाऊ मुलाला ‘कामगार’ हे नावही मिळत नाही. पाचवी, वाचलेल्या मालाच्या पैशात कामगाराचा आणि छोट्या पुरवठादाराचा वाटा असावा.

आणि एक काम आपले, कार्यकर्त्यांचे. सभेत घोषणा देणे सोपे आहे; नियंत्रण-आलेख वाचणे त्याहून फार कठीण नाही. दहावी झालेल्या मुलाला तो दोन संध्याकाळी समजतो. शेडमध्ये जाण्यापूर्वी येथील मुलामुलींना तो शिकवा. ज्या कार्यकर्त्याला आलेख वाचता येतो त्याला सुपरवायझरपुढे ‘हा रिकामा वेळ नव्हे’ हे आकड्यांच्या भाषेत सांगता येईल. त्या मुलीजवळ उत्तर होते. तिच्या बाजूने ते मांडणारे कोणी नव्हते.

बाजारात मालाचे वजन होताना तुम्ही पुढे वाकून काट्याचा आकडा स्वतः पाहता. व्यापाऱ्याने काटा आपल्याकडे वळवला तर तुम्ही हटकता. ते हटकणे शेडमध्ये गेलेल्या आपल्या मुलांनाही आले पाहिजे. काटा मोडू नका, पण तो दोघांना दिसेल असा ठेवायला लावा.