साडेसातची एसटी



मी एमडी करत होतो तेव्हा लकव्याच्या पेशंटची कॉट वॉर्डाच्या टोकाला असायची. राउंड तिथवर पोचेपर्यंत सरांचा वेळ संपलेला असायचा. 'फिजिओथेरपी द्या, घरी पाठवा', एवढीच ऑर्डर. सीटी स्कॅन मोजक्या ठिकाणी. रक्तस्राव की गुठळी, हे आम्ही अंदाजानं सांगायचो. नातेवाईक म्हणायचे, अंगावरून वारं गेलं. रात्री कुणीतरी टॉवेलाखाली लपवून कबुतर आणायचं, त्याचं रक्त लुळ्या हातापायाला चोळायला. आम्ही त्यांना फार बोललो. आज त्याचं वाईट वाटतं. आमच्याकडं तरी काय होतं द्यायला?

१९९५ च्या डिसेंबरात टीपीए या औषधाच्या अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल छापून आला. ६२४ पेशंट, झटक्यापासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात सहा, तरीही तीन महिन्यांनी आपल्या पायावर उभे राहिलेले जास्त. काही वर्षांनी ते औषध आमच्या हातात आलं, आणि मग एक शेतकरी आला. पावणेदहा वाजले होते. कधी झालं, विचारलं तर सगळे म्हणाले, सकाळी. त्यांची बायको मात्र म्हणाली, "साडेसातची एसटी वळली तेव्हा त्यांनी चुना मागितला. मग डबी हातातनं पडली ती उचलंना." त्या बाईंनी मला वेळ दिली. पण वरचा दाब २१०. तो उतरल्याशिवाय इंजेक्शन देता येत नाही. मिनिटाला मेंदूच्या १९ लाख पेशी मरतात, आणि आमची सतरा मिनिटं दाब उतरवण्यात गेली. दहा-पंचविसाला इंजेक्शन दिलं. संध्याकाळी त्या शेतकऱ्यांनी त्याच उजव्या हातानं माझं मनगट धरलं.

त्यांचं बीपी तीन वर्षांपूर्वीच सापडलं होतं. महिनाभर गोळी घेतली, बरं वाटलं, सोडली. सोडल्याचं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग मी एका समितीकडे प्रस्ताव नेला: आशाताईंनी घरोघरी दाब मोजायचा, गोळी चालू आहे का ते बघायचं. 'यात नवीन काय?' म्हणून तो परत आला. त्याच बैठकीत कोट्यवधींचं यंत्र मंजूर झालं. हे मी अजून विसरलेलो नाही. साठीपुढच्या लोकांचा नुसता वरचा दाब वाढलेला असेल आणि तो उतरवला तर लकवा एक तृतीयांशाहून अधिक कमी होतो, हे १९९१ मध्येच सिद्ध झालं होतं, तेही क्लोरथॅलिडोनसारख्या स्वस्त गोळीपासून सुरुवात करून. आता मांडीच्या धमनीतून नळी घालून गुठळी ओढून काढता येते. २०१५ पासून त्याचा भक्कम पुरावा आहे. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, धन्य वाटतं. पण ज्याला झटका आलाच नाही, तो कधी पेढे घेऊन येत नाही, आणि आपल्या व्यवसायाला पेढ्यांची सवय लागली आहे.

म्हणून, आज डॉक्टर झालेल्या मुलामुलींनो, मी तुम्हाला हात जोडून सांगतो, दाब मोजा. पायात काटा रुतला म्हणून आलेल्याचाही मोजा. खुर्चीत बसवून, पाच मिनिटं थांबून, स्वतःच्या हातानं मोजा. गोळी लिहून दिलीत तर पुढच्या महिन्यात विचारा, त्याच्या पुढच्याही महिन्यात विचारा. रागावू नका. रागावलात की माणूस खोटं सांगतो.

ते शेतकरी परवा तपासणीला आले होते. दाब १२८. ती एसटी केव्हाच बंद झाली. बाई अजून साडेसातला गोळी त्यांच्या हातावर ठेवतात, आणि गिळेपर्यंत उभ्या राहतात.