कुलूप आणि विवेक

कुलपाचे मर्म जाणल्यावाचून घराचे रक्षण करता येत नाही. परंतु जो ते मर्म जाणतो, त्याला दुसऱ्याचे घरही उघडता येते. संगणक-सुरक्षेच्या विद्यार्थ्यापुढील पेच तो हाच.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा पदव्युत्तर विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने २ नोव्हेंबर १९८८ रोजी आपोआप पसरणारी एक आज्ञावली संगणकांच्या जाळ्यात सोडली. कोणाची माहिती पुसण्याची योजना तीत नव्हती. मात्र ‘येथे ती आधीच आहे’ असे खोटे उत्तर देऊन यंत्रचालक तिला परतवतील, या शंकेने त्याने एक युक्ती योजिली: असे उत्तर आले, तरी सातांतून एकदा तिने आत शिरावेच. हे प्रमाण फार ठरले. प्रतींच्या भाराने हजारो यंत्रे ठप्प झाली. १९९० मध्ये न्यायालयाने त्यास दोषी ठरविले. कारावास टळला, पण दंड व ४०० तासांची समाजसेवा वाट्यास आली. पुढे तोच मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रविज्ञान संस्थेत प्राध्यापक झाला.

बुद्धी तीच होती. उणीव होती ती परिणामांच्या विचाराची. विद्यापीठाने कुलूप उघडण्याची कला अवश्य शिकवावी. परंतु दार कोणाचे, हे आधी विचारण्याची सवयही त्याच वर्गात लागली पाहिजे.